विम्याची खरी माहिती कोणीं द्यावी ?

मृगाच्या पेरण्या उरकत आल्या म्हणजे पीकविम्याच्या मुदतीची हाकाटी सुरू होते. बँकेंत फलक लागतात, सेवा केंद्रापुढें रांगा लागतात, आणि ज्याच्या त्याच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : यंदा विमा भरावा कीं नाहीं ? उत्तर देणाऱ्यांची गांवांत वाण नसते. केंद्रचालक 'भरा' म्हणतो, बँकेचे साहेब 'भरा' म्हणतात, गेल्या सालीं ज्यास दमडी मिळाली नाहीं तो शेजारी 'भरूं नका' म्हणतो, आणि ज्यास मिळाली तो 'अवश्य भरा' म्हणून सांगतो. परंतु करार कोणत्या शर्तींवर झाला आहे, पैसे कोणत्या हिशेबानें मिळतात अथवा मिळत नाहींत, हें कागद पुढें ठेवून सांगणारा, आणि सांगितल्याबद्दल कोणाकडूनही पैसा न घेणारा मनुष्य शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, मागच्या धन्याकडे चौकशी करतों. विमा मात्र दुसऱ्याच्या शब्दावर घेतों.

गेल्या साधारण सभेंत आपल्या सोसायटीनें एका विमा कंपनीची एजन्सी घ्यावी, म्हणजे सभासदांची सोय होऊन सोसायटीस चार पैसे उत्पन्नही होईल, अशी सूचना आली व ती पुढील सभेवर ठेवण्यांत आली. सूचना करणारांचा हेतु चांगला आहे याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. तथापि आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. सोसायटीनें विमा विकण्याच्या भरीस पडूं नये. विम्याची माहिती तयार करण्याचें काम अंगावर घ्यावें. हीं दोन कामें एका हातीं नांदूं शकत नाहींत. त्याचीं कारणें सविस्तर देण्याकरितां हा लेख आहे.

विमा विकणारास विकल्याबद्दल पैसे मिळतात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. उन्हातान्हांतून हिंडणाऱ्या एजंटास मेहनताना मिळालाच पाहिजे. जीवनविम्यांत पहिल्या वर्षाच्या हप्त्यांतून एजंटास शेंकडा ३५ पर्यंत कमिशन देण्याची मुभा कायद्यानें पुष्कळ वर्षें होती. २०२३ पासून ती निराळी मर्यादा काढून कंपनीच्या एकंदर खर्चाला मर्यादा घालण्यांत आली. पुढील वर्षांचें कमिशन पहिल्या वर्षाच्या मानानें अगदींच थोडें. तेव्हां नवी पॉलिसी घ्यावी कीं जुनी चालू ठेवावी, असा प्रश्न आपण एजंटास विचारला तर त्याचें उत्तर कोणीकडे झुकेल हें सांगावयास नको. तो मनुष्य लबाड असलाच पाहिजे असें नाहीं. त्याचें पोट ज्या बाजूस आहे त्या बाजूस त्याचें मतही आपोआप जातें, एवढेंच. पीकविम्यांतही हा अनुभव आलेला आहे. २०२३ च्या खरीपापासून महाराष्ट्र सरकारनें शेतकऱ्याचा हिस्सा स्वतः भरून एक रुपयांत विमा देण्याची योजना चालविली. शेतकऱ्याकडून एक रुपया घ्यावयाचा, आणि दर अर्जामागें केंद्रचालकास कंपनीकडून ४० रुपये मिळावयाचे, अशी ती व्यवस्था होती. पुढें सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, कोठें नसलेल्या फळबागांवर काढलेले विमे उघडकीस आले. २०२५ च्या खरीपापासून ती योजना बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत् सुरू झाला : खरीप पिकांस विमा रकमेच्या शेंकडा २, रब्बीस दीड, आणि नगदी पिकांस ५ पर्यंत.

ही अडचण आजची नाहीं व आपल्याच देशांतली नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत एलिझर राइट (१८०४–१८८५) नांवाचे एक गणिती होऊन गेले. गुलामगिरी बंद व्हावी म्हणून खटपट करणाऱ्या मंडळींपैकीं ते एक. १८४४ सालीं ते लंडनला गेले असतां तेथें त्यांना एक चमत्कारिक लिलाव पाहावयास मिळाला. वर्षानुवर्षें हप्ते भरून आतां भरण्याची ऐपत न उरलेले म्हातारे आपल्या जीवनविम्याच्या पॉलिसी लिलावांत विकीत होते, कारण हप्ता थकला तर कंपनी कांहींच परत देत नसे. घेणारा पुढचे हप्ते भरावयाचा, आणि म्हातारा जितका लौकर मरेल तितका त्याचा नफा अधिक व्हावयाचा. राइट यांस हा लिलाव गुलामांच्या लिलावाच्याच जातीचा वाटला. घरीं परतल्यावर त्यांनीं मोठ्या कष्टानें कोष्टकें मांडलीं. कोणत्या वयाच्या, किती वर्षें चाललेल्या पॉलिसीमागें कंपनीजवळ किती शिल्लक असलीच पाहिजे, हें त्यांवरून कोणासही पडताळतां येऊं लागलें. १८५८ सालीं त्या संस्थानानें त्यांना विमा कमिशनर नेमलें. दरसाल प्रत्येक कंपनीस हें माप लावावें आणि जें निघेल तें नांवानिशीं छापावें असा त्यांनीं क्रम ठेविला. १८६१ सालीं हप्ता थकलेल्या विमेदाराचे सगळे पैसे बुडूं नयेत असा कायदाही त्यांनीं करवून घेतला. पुढें कंपन्यांच्या खटपटीनें त्यांचें पद गेलें. परंतु कोष्टकें लोकांच्या हातीं राहिलीं.

विसाव्या शतकांत मालाची परीक्षा करून निकाल छापणाऱ्या संस्था निघाल्या. अमेरिकेंत १९३६ सालीं कन्झ्युमर्स युनियन निघाली, इंग्लंडांत १९५७ सालीं 'विच' हें मासिक निघालें, जर्मनींत १९६४ सालीं सरकारनें बर्लिन येथें श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्था स्थापिली आणि तिनें १९९१ पासून केवळ पैशाच्या व विम्याच्या बाबतींकरितां निराळें मासिक चालविलें. आपल्याकडे मुंबईस १९६६ सालीं कन्झ्युमर गायडन्स सोसायटी व १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. परदेशांतील या परीक्षक मासिकांचा एक नियम आपण उचलण्यासारखा आहे. ज्यांच्या मालाची परीक्षा करावयाची त्यांच्या जाहिराती तीं घेत नाहींत, आणि परीक्षेचा नग कंपनीकडून भेट न घेतां बाजारांतून दाम मोजून आणतात. आपल्या मासिकाच्या मलपृष्ठासाठीं विमा कंपनीची जाहिरात घ्यावी किंवा नाहीं, हा प्रश्न या नियमानें आपोआप सुटतो.

मात्र येथें एक मोठा फरक लक्षांत ठेविला पाहिजे. पाण्याचा पंप विकत आणून विहिरीवर बसविला कीं तासाला किती पाणी ओढतो तें त्याच दिवशीं समजतें. विमा बसवून पाहतां येत नाहीं. आज आपण कागद घेतों. माल हातीं येतो तो नुकसान झाल्यावर, आणि जीवनविम्यांत तर तो आपल्या मुलांच्या हातीं येतो. म्हणून विम्याची परीक्षा दोनच रीतींनीं होऊं शकते. कराराचा शब्दन् शब्द वाचून पाहणें ही एक. आणि ज्यांनीं पूर्वीं नुकसानभरपाई मागितली त्यांस काय मिळालें, किती दिवसांनीं मिळालें, नाकारली असल्यास कोणतें कारण लिहून दिलें, याचा हिशेब जमविणें ही दुसरी. पहिलें काम चिकाटीचा कोणीही साक्षर मनुष्य करूं शकेल. दुसऱ्याचें साहित्य विमेदारांच्याच घरीं, ट्रंकेंत पडलेलें असतें. शेंकडों सभासद असलेल्या आपल्यासारख्या सोसायटीजवळ तें आहे. एजंटाजवळ तें नसतें, कारण पॉलिसी विकून झाल्यावर त्याचा संबंध बहुधा संपतो.

आतां कराराचे शब्द वाचण्यानें काय साधतें तें पीकविम्यावरूनच दाखवितों. महसूल खात्यांत उभी हयात गेल्यामुळें या विषयांतील कागदपत्रांशीं आमचा थोडाबहुत परिचय आहे. आपल्या शेतांतलें पीक बुडालें म्हणजे आपणांस विमा मिळावा, अशी बहुतेक शेतकऱ्यांची समजूत असते. उत्पन्नावर आधारलेला पीकविमा अशा रीतीनें चालत नाहीं. त्यांत घटक शेत नसून साधारणपणें महसूल मंडळ असतें. मंडळांत त्या पिकाचे निदान १० पीककापणी प्रयोग घ्यावयाचे, त्यांची सरासरी काढावयाची, आणि ती 'उंबरठा उत्पन्ना'पेक्षां कमी आली तरच मंडळांतील सर्व विमेदारांस सारख्या प्रमाणानें भरपाई द्यावयाची. काहीं पिकांकरितां २०२३ पासून उपग्रहावरून काढलेल्या अंदाजासही त्यांत हिस्सा दिला जाऊं लागला आहे.

हें उंबरठा उत्पन्न कसें काढतात तें नीट समजून घ्यावें. मागील सात वर्षांपैकीं चांगलीं पांच वर्षें निवडून त्यांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तरानें गुणतात. आपल्या राज्यांत जोखीमस्तर शेंकडा ७० धरला जातो. समजा, एखाद्या मंडळांत सोयाबीनचें हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत अनुक्रमें १४००, ९००, १६००, १२००, ७००, १५०० व १३०० किलो आलें. ९०० व ७०० सोडून बाकीच्या पांचांची बेरीज ७००० व सरासरी १४००; तिचे शेंकडा ७० म्हणजे ९८० किलो. यंदा मंडळाची सरासरी १००० आली तर चौदाशेंच्या मानानें ४०० किलोंची तूट असूनही कोणास एक पैसा मिळणार नाहीं, कारण उंबरठा ओलांडला गेला. सरासरी ७८४ आली तर तूट १९६ किलो, म्हणजे उंबरठ्याच्या शेंकडा २० होय. हेक्टरी विमा रक्कम ५०,००० धरल्यास भरपाई १०,००० रुपये. ज्याच्या शेतांत कांहींच हातीं लागलें नाहीं त्यास १०,०००, आणि ज्याच्या खोलगट काळ्या रानांत १८०० किलो पिकलें त्यासही १०,०००. हेंच गणित सेवा केंद्राच्या भिंतीवर लावलें असतें तर दरसाल होणाऱ्या तंट्यांपैकीं निम्मे झाले नसते, असें आम्हांस वाटतें.

ही रीत शेतकऱ्यास फसविण्याकरितां काढलेली आहे असें मात्र कोणीं समजूं नये. पुण्याच्या गोखले संस्थेंतील प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तिचा पुरस्कार केला. त्यापूर्वीं १९७२ सालापासून गुजराथेंत कापसावर शेतवार विमा करून पाहिला होता. तो तोट्यांत गेला. लक्षावधि शेतें एकेक पाहणें अशक्य, आणि आपलें पीक मुद्दाम कमी दाखविण्याचा मोहही मोठा, म्हणून क्षेत्र हाच घटक धरावा, असें दांडेकरांचें म्हणणें होतें. त्यावरून १९७९ सालीं प्रायोगिक योजना, १९८५ सालीं देशव्यापी योजना, १९९९ सालीं राष्ट्रीय कृषि विमा योजना व २०१६ सालीं प्रधानमंत्री पीकविमा योजना अशी परंपरा चालत आली. रीतींत अर्थ आहे. परंतु ज्यास ती सांगितलीच नाहीं तो फसविला गेल्यासारखा वाटून घेतो, आणि त्याचें तरी काय चुकलें ?

दुसरा घोटाळा आणेवारीचा, म्हणजे आतांच्या पैसेवारीचा. गांवाची पैसेवारी ५० पैशांच्या आंत लागली म्हणजे विमा लागला, असें चावडीवर खुशाल बोललें जातें. पैसेवारीवरून टंचाईच्या सवलती ठरतात. विम्याशीं तिचा संबंध नाहीं. अतिवृष्टीनंतर तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक मिळून पंचनामे करतात, त्यांत शेंकडा ३३ किंवा अधिक नुकसान ठरल्यास सरकारी मदत मिळते. तीही विम्याची रक्कम नव्हे. एकाच शेतांतल्या एकाच नुकसानीस अशीं तीन निरनिराळीं मापें लागतात, आणि एका मापाचा निकाल दुसऱ्यास लागूं पडत नाहीं. फळबागांच्या हवामानावर आधारलेल्या विम्याचें चौथेंच माप आहे : तेथें झाड कोणी पाहत नाहीं, मंडळांतील हवामान केंद्राच्या यंत्रानें काय नोंदविलें तें पाहतात. बागाईतदारानें हप्ता भरण्यापूर्वीं तें यंत्र आपल्या बागेपासून किती कोसांवर उभें आहे तें एकवार पाहून यावें.

शिवाय शर्ती कायम राहत नाहींत. २०२४ पर्यंत आपल्या राज्यांत गारपीट, शेतांत पाणी सांचणें, काढणीनंतर पसरलेलें पीक भिजणें अशा नुकसानीची खबर ७२ तासांत दिल्यास त्या एका शेतापुरती भरपाई मिळण्याची तरतूद होती. २०२५ च्या खरीपांत राज्यानें ती काढून केवळ कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावर भरपाई ठेविली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें वन्य प्राण्यांची नासधूस आणि भातशेती पाण्याखालीं जाणें हीं कारणें २०२६ च्या खरीपापासून विम्यांत घेण्याचें जाहीर केलें. कर्जदार शेतकऱ्यास विमा सक्तीचा, ही समजूत अद्याप कित्येकांच्या डोक्यांत आहे. ती सक्ती २०२० च्या खरीपापासून उठली. म्हणून विम्याची माहिती छापतांना ती कोणत्या हंगामाची व कोणत्या सरकारी निर्णयावरून घेतली हें ठळक लिहिलें नाहीं, तर गेल्या सालची खरी गोष्ट यंदा खोटी होऊन बसते. तोंडी सांगण्यांत हा दोष हमखास येतो.

जीवनविम्याविषयीं थोडक्यांत. अर्जाचा कागद बहुधा एजंट भरतो व शेतकरी सही करतो. त्यांत आजाराची माहिती दडलेली निघाली तर भरपाईच्या वेळीं वारसांवर संकट येतें. मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणें पॉलिसीस तीन वर्षें लोटल्यावर कोणत्याही कारणानें तिच्या खरेपणाविषयीं कंपनीस हरकत घेतां येत नाहीं. पॉलिसी हातीं आल्यापासून ३० दिवसांत ती वाचून, न पटल्यास परत करण्याचा हक्क आहे. कंपनीनें तक्रार नाकारली अगर एक महिन्यांत उत्तर दिलें नाहीं, तर विमा लोकपालाकडे जातां येतें. त्यास फी पडत नाहीं व वकील लागत नाहीं. पीकविम्याच्या तक्रारी तालुका व जिल्हा तक्रार निवारण समितीकडे न्याव्या लागतात.

विमा नियामक प्राधिकरण दरसाल कंपन्यांचे आंकडे छापतें, मग आपण निराळा हिशेब कशास ठेवावा, असें कोणी विचारील. ते आंकडे जरूर पाहावेत. परंतु शंभरांपैकीं ९८ दावे दिले असें कंपनीच्या जाहिरातींत वाचतों तेव्हां ती दाव्यांची संख्या असते. न दिलेले दोन मोठ्या रकमांचे होते किंवा काय, आणि दिलेले किती खेटे घातल्यावर दिले, हें त्यावरून समजत नाहीं. याच्याच नांवाशीं जुळणारें दुसरें प्रमाण आहे : गोळा केलेल्या हप्त्यांपैकीं किती रुपये भरपाईंत गेले. दोहोंची गल्लत पुष्कळदां होते, आणि ती गल्लत विकणाराच्या फायद्याचीच असते. सरकारचाही अनुभव पाहण्यासारखा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शेतकरी अपघात विमा योजना २०२३ पर्यंत विमा कंपन्यांमार्फत चालली. त्या वर्षीं कंपनीस मध्यें न घेतां सरकारनें मृताच्या वारसांस दोन लाख रुपये सरळ अनुदान म्हणून देण्याचें ठरविलें.

आतां सोसायटीनें करावयाचें काम. प्रत्येक हंगामाच्या आरंभीं, विमा भरण्याची मुदत संपण्यापूर्वीं निदान पंधरा दिवस, या मासिकाचीं दोन पानें आपल्या तालुक्याच्या विम्यास द्यावीं. त्यांत मंडळवार प्रत्येक पिकाचें उंबरठा उत्पन्न, विमा रक्कम, हप्ता, कंपनीचें नांव, तक्रार कोठें करावयाची तें स्थळ, आणि मागील सात वर्षांचीं कापणी प्रयोगांचीं उत्पन्नें असावींत. हे कागद गुप्त नाहींत. मागून न मिळाले तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांचा अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणें कचेरीस भाग आहे. म्हणून खरीपाचा अर्ज चैत्रांतच गेला पाहिजे. कापणी प्रयोगाच्या दिवशीं सोसायटीचा एक माणूस शेतावर हजर राहून वजनाचा आंकडा आपल्या वहींत टिपील तर फारच उत्तम. आमच्या मतें सगळ्या खटपटींत एवढी एकच गोष्ट साधली तरी पुष्कळ झालें, कारण भरपाईचा सारा डोलारा त्या एका वजनावर उभा असतो.

दुसरी वही भरपाईची. सभासदानें अर्जाची पावती व बँकेच्या पुस्तकांतील नोंद दाखवावी. नुसत्या ऐकीव गोष्टीस वहींत जागा नाहीं. ज्यांस पैसे मिळाले त्यांच्या नोंदी न मिळालेल्यांच्या इतक्याच कसोशीनें घ्याव्यात, नाहींतर वही गाऱ्हाण्यांचें पुस्तक होईल आणि कोणीही तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीं. छापण्यापूर्वीं मजकूर कंपनीच्या तालुका प्रतिनिधीकडे आठ दिवस धाडावा. आंकड्यांत चूक दाखविल्यास सुधारावी. मत बदला म्हटल्यास नम्रपणें नकार द्यावा. वही ठेवणारानें वर्षाच्या आरंभीं आपण व आपल्या घरचें कोणी विमा विकत नाहीं असें लिहून द्यावें.

खर्चाचा आक्षेप येईल तो रास्त आहे. एजन्सीपासून उत्पन्न होईल आणि या कामास उलट पैसे लागतील. टपाल, नकलांची फी, छपाईचीं दोन पानें व कापणीच्या दिवसांत एका माणसाचा भत्ता, एवढी ती बाब आहे. दर सभासदामागें वर्षाला थोडी वर्गणी वाढविली तर भागण्यासारखी आहे. सभासदांनीं वर्गणी नाकारली तर काम करूं नये, परंतु त्या कारणानें कंपनीकडे हात पसरूं नये.

वहीची सुरुवात होण्याकरितां ज्या सभासदांनीं गेल्या तीन हंगामांत पीकविमा भरला असेल त्यांनीं मंडळ, पीक, क्षेत्र, भरलेला हप्ता, मिळालेली रक्कम व तारीख, आणि कांहींच मिळालें नसल्यास कंपनीचें लेखी उत्तर आलें किंवा नाहीं, एवढें पावतीच्या नकलेसह सोसायटीच्या कचेरींत आणून द्यावें. नांवें छापलीं जाणार नाहींत. निदान शंभर नोंदी जमल्याखेरीज त्यांवरून कोणतेंही अनुमान छापूं नये, आणि त्या किती जमतात हें पाहूनच एजन्सीची सूचना सभेपुढें मतास टाकावी, अशी आमची चेअरमनसाहेबांस विनंति आहे.